ग्लोव्ह्ज घातले की हात विसरतो

वॉर्डातलं पहिलं पोस्टिंग लागलंय ना? हात धुण्याच्या पायऱ्या तुम्हाला पाठच असणार. हात कधी कधी स्वच्छ करायचे, ते जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षणही पेपरात लिहिले असतील. मीही लिहिले होते, पैकीच्या पैकी मार्क मिळाले. तरी दुसऱ्याच आठवड्यात तोंडघशी पडले.

ग्लोव्ह्ज घालून जखमेचं जुनं ड्रेसिंग काढत होते. मध्येच इन्फ्युजन पंप, म्हणजे शिरेतून ठरल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र, कोकलायला लागला. तशीच वळले, बटण दाबलं, परत कामाला लागले. काम आटोपल्यावर ग्लोव्ह्ज उतरवले, हँडरब म्हणजे हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर चोळलं, अगदी शहाण्या मुलीसारखं. पाच मिनिटांत पंप पुन्हा वाजला. स्वच्छ बोटाने बटण दाबलं आणि तेच बोट कॅन्युलाकडे, म्हणजे शिरेत घातलेल्या बारीक नळीकडे नेलं. मागून सिस्टर म्हणाल्या, "मघाशी त्या बटणाला काय फासून ठेवलंस?"

हात दोन वेळा बटणाकडे गेला होता, आणि चूक दोन्ही वेळा झाली होती. जखमेतलं जे ग्लोव्हवर होतं ते बटणावर, बटणावरून चोळलेल्या बोटावर, तिथून थेट शिरेच्या तोंडाशी. ग्लोव्ह माझी कातडी सांभाळत होता, पंपाचं बटण नाही. पडदा, कॉटचा कठडा, फाइल, पेन, खिशातला फोन, सगळ्यांचं हेच. अलार्म वाजला तर दुसऱ्याला हाक मारा. कोणीच नसेल तर ग्लोव्ह्ज काढा, हात चोळा, मग बटण. परत येऊन नवी जोडी. जुनं ड्रेसिंग निघालं की नव्याआधीही हेच. ग्लोव्ह्जवरच सॅनिटायझर चोळणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ग्लोव्हला बारीक भोक असू शकतं, काढतानाही हात माखतो. म्हणून काढल्यावर हँडरब हवंच.

घाबरू नका, सवय होते. हँडरबला 20 ते 30 सेकंद, साबणपाण्याला 40 ते 60. हात दिसायला मळले असतील किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे होणारे जुलाब असतील तर साबणपाणीच. त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. अंगठी, नकली नखं घरीच.

"एवढं कोण करतं" म्हणणारे सीनियर सगळीकडे असतात. कामात हुशार असतात, त्यामुळे त्यांचं खरं वाटतं. माझं मत विचाराल तर हात स्वच्छ ठेवायला शिकायचं ते टोकणाऱ्या सिस्टरकडून. त्या दिवशी मला त्यांचा प्रचंड राग आला होता. आता ड्रेसिंग करताना पंप वाजला की मी दोन्ही हात छातीसमोर धरून मदतीला ओरडते. बघणारे हसतात.