कामाचे कपडे खर्चात दाखवताना या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या फिटरचा बॉयलर सूट आणि मार्केट यार्डातल्या अडत्याचा पांढरा नेहरू शर्ट, दोन्ही रोज कामावरच घातले जातात. धंद्याच्या खर्चात बसतो तो बॉयलर सूट. आयकर कायद्यानुसार खर्च पूर्णपणे धंद्यासाठी हवा, वैयक्तिक नको. नेहरू शर्ट घालून लग्नालाही जाता येतं, तिथेच दावा अडतो. "मी तो दुकानातच घालतो" हे अगदी खरं असलं, तरी त्याचा उपयोग होत नाही. असे कपडे मालकाच्या उचल खात्यात, म्हणजे स्वतःसाठी काढलेल्या पैशांच्या खात्यात टाका. याउलट हळद पॉलिशच्या कारखान्यातले मास्क, टोप्या, एप्रन, पेढ्याच्या भट्टीवरचे एप्रन, सेफ्टी शूज यांचा खर्च बिनधास्त दाखवा. दुकानाचं नाव एकट्या मालकाच्या शर्टावर भरून घेतल्याने फारसं काही साधत नाही. सगळ्या कामगारांना एकच रंग, एकच नाव आणि ठरलेले जोड असले तर दावा टिकतो.

दुसरी गफलत बिलात होते. नुसतं "कापड" लिहिलेलं बिल चौकशीत काही सांगत नाही. फर्मचं नाव, जीएसटी नंबर, वस्तू आणि नग लिहून घ्या: "निळा बॉयलर सूट, 24 नग". सोबत वाटपाची वही हवी. तारीख, कामगाराचं नाव, किती जोड, सही. 12 कामगारांना दोन-दोन जोड म्हणजे 24. बिल 40 चं असेल, तर उरलेले 16 कुठे गेले हा प्रश्न येणारच.

रोखीचा फटका सर्वांत जास्त बसतो. एकाच दिवशी एकाच दुकानदाराला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम नामंजूर होते. दोन बिलं फाडूनही सुटका नाही, कारण दिवसाची बेरीज धरतात. चेक किंवा यूपीआयने द्या.

छोट्या धंद्यांच्या अंदाजित नफ्याच्या योजनेत (1961 च्या कायद्यातलं कलम 44एडी) उलाढालीच्या 8 टक्के (डिजिटल जमेवर 6 टक्के) नफा दाखवत असाल, तर युनिफॉर्मचं बिल वेगळं वजा होत नाही. सगळा खर्च त्यातच धरलेला असतो.

नोकरदारांना स्वतःच्या कपड्यांचा खर्च पगारातून वजा करता येत नाही. मालक युनिफॉर्म भत्ता देत असेल तर तो प्रत्यक्ष खर्चापुरता करमुक्त, आणि तेही जुन्या करप्रणालीतच.

दिवाळीत कामगारांना दिलेल्या साड्या आणि शर्टपीस युनिफॉर्म खात्यात मिसळू नका. स्टाफ वेल्फेअर (कामगार कल्याण) खर्चात दाखवा. भेटवस्तूंवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. चुकून घेतलं असेल तर पुढच्या जीएसटीआर-3बी रिटर्नमध्ये उलटवा, वापरलं असेल तर व्याजासह.