संगीत मंडळ पर्यावरणपूरक करताना या चुका टाळा

छोट्या संगीत मंडळाने पर्यावरण मनावर घेतलं की सहसा आधी पाण्याच्या बाटल्या जातात आणि कागदी पेले येतात. पहिली चूक इथेच होते. या पेल्यांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे रद्दीवालाही ते घेत नाही. कलाकारांसाठी तांब्या-भांडं, श्रोत्यांसाठी पिंप आणि स्टीलचे पेले ठेवा. ते धुणाऱ्याचे पैसे अंदाजपत्रकातच धरा, नाहीतर दोन-तीन मैफलींत कागदी पेले परत येतात.

दुसरी चूक म्हणजे दर मैफलीला नवा फ्लेक्स. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. जाड फ्लेक्स घेतला की नियम पाळला जातो, कचरा मात्र वाढतो. मंडळाच्या नावाचा कापडी पडदा एकदाच करून घ्या. त्यावर वर्ष, तारीख, प्रायोजक यांतलं काहीही नको. प्रायोजक नाराज होतील अशी भीती असेल तर त्यांची नावं वेगळ्या कापडी पट्टीवर लिहा आणि निवेदनात आवर्जून घ्या.

दिवे आणि एसी वेगवेगळे समजणं. रंगमंचावरचा जुना हॅलोजनचा पार-६४ दिवा १००० वॅट खातो. असे आठ दिवे तीन तास चालले की २४ युनिटं गेली. शिवाय त्यांच्या उष्णतेमुळे गायक घामाघूम होतो, मग कुणीतरी उठून एसी १८ वर नेतं आणि तानपुऱ्यांचे सूर उतरायला-चढायला लागतात. तबलजी तबला पुन्हा सुरात आणायला हातोडी घेऊन बसतो, विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाची लय मोडते. माझ्या मते मैफलीचं याहून मोठं नुकसान नाही. समोरून उबदार प्रकाशाचे चार एलईडी दिवे ख्यालगायनाला पुरेसे होतात. एसी २४-२५ वर ठेवा, वाद्यं सुरात लावायच्या थोडं आधी सुरू करा आणि मग रिमोट एकाच कार्यकर्त्याच्या हातात असू द्या. तरीही वाद्यांचे सूर उतरत असतील तर वाऱ्याचा झोत थेट स्वरमंचावर येतोय का, ते आधी बघा.

प्रवास हिशेबात न धरणं. मैफलीमुळे होणाऱ्या प्रदूषणात सगळ्यांत मोठा वाटा बहुतेक वेळा याचाच असतो. कोलकात्याहून सरोदवादक बोलवायचा आणि एका संध्याकाळनंतर विमानाने परत पाठवायचा, हे कलाकारालाही दमवणारं आणि मंडळालाही महाग. पुणे, सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर ही गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. तिथल्या मंडळांनी आपसात बोलून तारखा लागोपाठ घेतल्या तर एकाच प्रवासात चार-पाच मैफली होतात. यात अडचण येते ती मानापमानाची: पहिली मैफल कुणाची? आळीपाळीने ठरवा आणि लिहून ठेवा. श्रोत्यांसाठी सभागृह स्टेशनपासून चालत जाता येईल असं निवडा आणि भैरवी शेवटच्या गाडीच्या वेळेआधी संपवा. मध्यंतर लांबलं की पुढच्या वेळी सगळे आपापली गाडी काढतात.

सत्काराला रोप देणं. हेतू चांगला आहे, पण रात्रीच्या गाडीने निघालेला कलाकार कुंडी कुठे नेणार? ती मागे सभागृहातच राहते. सुताचा हार किंवा एखादं चांगलं पुस्तक द्या.

दुरुस्तीऐवजी नवी खरेदी. पुडी (तबल्यावरचं कातडं) फाटली तरी तबल्याचं शिसवी खोड वर्षानुवर्षं टिकतं, फक्त पुडी बदला. तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला तर तो मिरजेच्या कारागिरांकडे पाठवा, ते सांधून देतात. पाठवण्याआधी तारा सैल करायला विसरू नका.