रीफ टँकचं मॅग्नेशियम: आधी खारेपणा मोजा, मग डबा उघडा

माझे सासरे निफाडला द्राक्षबाग करतात. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, की मॅग्नेशियमची शंका येते. तरी ते लगेच खताची पिशवी फोडत नाहीत. "सूनबाई, आधी देठ तपासायला पाठवायचा," म्हणतात. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या घरात मी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, सांभाळते, आणि हीच शिस्त मला त्यात एक चूक केल्यावर लागली.

टँक ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा. म्हणजे १८२ लिटर, पण दगड-वाळू वजा जाता खरं पाणी दीडशे लिटरच. डोसचा हिशेब नेहमी या दीडशेवर करायचा. आत लेदर, झोआ, मशरूम अशी मऊ प्रवाळं आणि मागच्या काचेवर गुलाबी कोरलाइन शेवाळ आहे. दगडी प्रवाळं मी ठेवत नाही. आपल्या समुद्रातली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

मॅग्नेशियम कशाला लागतं? समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतकं असतं, की दोन्ही मिळून कधीही चुना होऊन बसू शकतात. चुन्याचा बारीक कण वाढायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर चिकटतं आणि वाढ अडवतं. ते कमी पडलं की केएच (पाण्यातलं कार्बोनेट) कितीही द्या, टिकत नाही. हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा खडबडीत थर चढतो, बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षार धरतात ना, तसाच. कोरलाइन शेवाळही आपल्या कवचात मॅग्नेशियम घेतं, पण हा खप फार सावकाश असतो. आठवड्यात शंभर पीपीएम (लिटरमागे साधारण तेवढे मिलिग्रॅम) उतरलं असेल तर ते कोणी खाल्लेलं नाही. मीठ पातळ झालंय किंवा टेस्ट चुकलीय.

माझं तेच झालं होतं. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जादा फेस काढत होता. कप रोज भरायचा, मी ओतून द्यायचे. दहा-बारा दिवस रोज लिटर-सव्वा लिटर खारं पाणी मोरीत गेलं, आणि तेवढंच आरओचं गोडं पाणी फ्लोट व्हॉल्व्हने आत सोडलं. मॅग्नेशियम ११८० दिसलं. मी दोन दिवसांत १२५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड दिलं आणि १२८० आल्यावर निश्चिंत झाले. नंतर रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) लावला, तर खारेपणा ३२ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३२ भाग मीठ! मीठ ३५ वर आणल्यावर मॅग्नेशियम १४०० ला पोचलं. ते उतरवायला पाणी बदलण्याशिवाय उपाय नाही. दर आठवड्याला तीस लिटर, असं तीनदा बदललं तेव्हा कुठे १३४५ च्या आसपास आलं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी खारेपणा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा, आरओच्या पाण्याने शून्यावर जुळवलेला ३५ च्या आसपास चुकू शकतो. खारेपणा ३५ असताना मॅग्नेशियम १२५० ते १३५० मध्ये असलं तर हात लावू नका. कमी दिसलं तर टेस्ट पुन्हा करा. टेस्ट किटमधल्या सिरिंजच्या टोकाशी अडकलेला बुडबुडा पूर्ण आकडा फिरवतो, म्हणून सिरिंज उभी धरून टिचकी मारा. रंगाचा बदल दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर बघा, पिवळ्या दिव्याखाली तो फसवतो. शंका राहिलीच, तर नव्या मिठाचं ताजं पाणी त्याच किटने तपासा. तिथेही आकडा कमी आला तर किट जुनं झालंय, नाहीतर मीठच तसं आहे.

एवढं करूनही कमीच असेल, तर डोस. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेटमध्ये साधारण १२ टक्के मॅग्नेशियम असतं, एप्सम सॉल्टमध्ये, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटमध्ये, १० टक्क्यांच्या आत. शंभर लिटर पाणी १० पीपीएमने वाढवायला १ ग्रॅम मॅग्नेशियम लागतं, म्हणजे क्लोराइड ८.४ ग्रॅम. माझ्या दीडशे लिटरला शंभर पीपीएमसाठी १२५ ग्रॅम. ते आता मी चार दिवसांत विभागते, रोज साधारण ३१ ग्रॅम. आरओच्या अर्ध्या लिटरमध्ये पूर्ण विरघळवून पंपाच्या प्रवाहासमोर बारीक धारेने सोडते. मुख्य भर क्लोराइडवर ठेवते, कारण नुसतं एप्सम देत राहिलं तर सल्फेट साठत जातं.

कृषी सेवा केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट स्वस्त मिळतं, नाशकात तर गल्लोगल्ली. ते बागेसाठी आहे. त्यात तांब्यासारख्या धातूंचा अंश किती, याची हमी कोणी देत नाही, आणि तांबं गोगलगायींना आणि कोळंबीला मारतं. फूड किंवा लॅब ग्रेडच घ्या.

अजून एक, जुलैचं. क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बरणी सैल राहिली तर पावडर ओली होते आणि काट्यावरच्या ३१ ग्रॅममध्ये बरंचसं पाणीच असतं. मी रबरी वायसरच्या बरणीत ठेवते आणि चिकट लागलं तर त्या दिवशी डोस देत नाही.