गळतीचं मूळ शोधताना आधी बादली घ्या

दोन पावसाळे मी गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे हात मारत बसलो, तरी छताची ओल हटेना. तिसऱ्या वर्षी गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडात हात घातला, तर आत कुजलेल्या पानांचा बोळा आणि त्यात रुतलेला चेंडू! पाण्याला वाटच नव्हती, म्हणून ते भिंतीत मुरत होतं.

तेव्हा आधी पाइपाच्या तोंडाशी बादलीभर पाणी ओता. गरगरत गडप झालं तर ठीक, रेंगाळलं तर पाइप तुंबलाय. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पडला, तर ५,००० लिटर त्या एका-दोन तोंडांतूनच जायचं असतं. जाळी बसवा, पण मोठ्या पावसानंतर ती साफ करायला विसरू नका.

भेगांवर वरवर लांबी (पुट्टी) फासणं म्हणजे फुकटची मेहनत. भेग पटाशीने थोडी उघडा, धूळ झटका, मग भरा. त्याआधी दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून महिनाभर बघा. भेग खुणेपुढे सरकली, तर इंजिनिअरला बोलवा.

खिडकीच्या छज्जाखाली कडेलगत बारीक खाच हवी, नाहीतर थेंब खालून सरकत भिंतीला लागतो.

वादळाचा इशारा आला की कुंड्या खाली उतरवा, सुटे पत्रे बांधा. पाणी घरात येतंय असं दिसलं, तर ते प्लगपर्यंत पोचायच्या आत, कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करा.