घरगुती अंडी उबवणी पेटी: शेवटचे तीन दिवस पाणी आटू देऊ नका

वीस दिवस सगळं नीट जातं. पिल्लू आतून टोचा मारतं, चिवचिव ऐकू येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कवचातच मेलेलं सापडतं. आपल्या भागात घरगुती पेटीतली पिल्लं अशीच जाताना दिसतात. मग दोष अंड्याला, नाहीतर कोंबड्याला दिला जातो. पेटीतलं पाण्याचं ताट मात्र कोरडं ठणठणीत असतं.

फेब्रुवारी सरला की विदर्भातली हवा झपाट्याने कोरडी होते. खोलीत ३० अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असली, तर तीच हवा पेटीत ३७.५ अंशांवर गेली की आर्द्रता १६-१७ टक्क्यांवर उतरते. अंड्यांना पहिले १८ दिवस ५० ते ५५ आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के लागते. टोचा मारल्यावर ही कोरडी हवा आतला पापुद्रा सुकवते. तो कागदासारखा होऊन पिल्लाच्या अंगाला चिकटतो. पिल्लाला आत गोल फिरत कवच कापायचं असतं, तेच जमत नाही.

व्हिडिओत दाखवतात तसं एका वाटीने भागत नाही. ओलावा पाण्याच्या खोलीवर नाही, पसाऱ्यावर ठरतो. पेटीच्या तळाच्या निम्म्या भागात पसरट ताटं ठेवा, त्यात जुन्या सुती कापडाचे तुकडे उभे सोडा. पाणी कोमट घाला, थंड घातलं तर पेटीचं तापमान उतरतं. झाकण वारंवार उघडायला नको म्हणून बाहेरून सलाईनच्या नळीने पाणी सोडायची सोय करा. झाकणाच्या काचेच्या कोपऱ्यात शेवटच्या दिवसांत बारीक दव धरलं तर ओलावा ठीक आहे असं समजा. हा अंदाज आहे, खरं माप आर्द्रता मीटरचंच.

तो मीटरही तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलासारखं ओलं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ६८ दिसलं तर तुमचा मीटर ७ ने कमी दाखवतो, तेवढं धरून चाला.

सुमारे ४० अंड्यांसाठी सामान:
- जाड थर्माकोलची पेटी, आतून साधारण ४५ × ३५ × ३० सेंमी
- ४० वॅटचे तारेचे दोन बल्ब (एक उडाला तरी दुसरा असतो)
- डब्ल्यू १२०९ थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारं यंत्र), १२ व्होल्टचा अॅडॉप्टर, कॉम्प्युटरचा छोटा पंखा
- जाळी, ताटं, थर्मामीटर, आर्द्रता मीटर
- पेन्सिल जाईल एवढी आठ छिद्रं, चार खाली, चार वर

बल्ब थर्माकोलपासून किमान १० सेंमी दूर, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवा. थर्माकोल वितळतं आणि पेटही घेतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, बल्बच्या झळीपासून लांब. पंखा असेल तर ३७.५ अंश, नसेल तर अंड्याच्या वरच्या बाजूला ३८.५. अंडी मांडण्याआधी पेटी २४ तास रिकामी चालवा.

रोजचं काम:
- अंडी सात दिवसांच्या आतली, न धुतलेली
- दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवणं, १८ व्या दिवशी बंद
- ७ व्या आणि १४ व्या दिवशी अंधारात टॉर्चवर तपासणी

दहा अंड्यांचं वजन पहिल्या दिवशी ४५० ग्रॅम असेल तर १८ व्या दिवशी ३९५ च्या आसपास यायला हवं. ३८० वर आलं तर पेटी कोरडी चालली आहे. ओलावा वाढवायला कुणी छिद्रं बुजवतात. ती चूक करू नका, शेवटच्या दिवसांत पिल्लांना हवा जास्त लागते.

दुकानदार हॅचिंग टॉनिक आणि अंड्यांवर मारायचा स्प्रे गळ्यात मारतात. घेऊ नका. १०० घनफुटांना ४० मिली फॉर्मेलिन आणि २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट ही जंतू मारायच्या धुरीची मात्रा मोठ्या हॅचरीची आहे. घरात तो धूर डोळ्यांना आणि फुफ्फुसांना घातक. पेटी साबणाने धुऊन वाळवा, तेवढं पुरे.

आता घाई. टिनाच्या खोलीत १० मार्चनंतर अंडी मांडू नका, मातीच्या भिंतींच्या कवेलूच्या घरात महिनाअखेरपर्यंत. खोली ३८ अंशांवर गेली की थर्मोस्टॅट बल्ब विझवतो, पण पेटी थंड करू शकत नाही. पेटी शेतात नको, कृषी फीडरवर चोवीस तास लाईन नसते. गावात लाईन गेली तर झाकण न उघडता पेटीवर गोधडी टाका, छिद्रं मोकळी ठेवा. लाईन लवकर येणार नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवा.

२२ व्या दिवशी न फुटलेली अंडी उकिरड्यावर टाकण्याआधी फोडून पाहा. पिल्लू फुगलेलं, पाणीदार आणि अंड्याच्या बोथट टोकाकडची हवेची पोकळी लहान असेल तर ओलावा जास्त झाला. पापुद्रा सुका, चिवट आणि पोकळी मोठी दिसली तर पुढच्या खेपेला ताट काढून परात ठेवा, आणि १८ व्या दिवसापासून रात्री झोपण्यापूर्वीही पाणी बघा.