धंद्याचं पुस्तक वाचताना शेजारी आपली वही उघडी ठेवा

जून लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, आता वाचायला बसा. कोकणात धंदा करणाऱ्याला उसंत मिळते ती पावसातच, जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, आंबा संपलेला, होमस्टेच्या खोल्या रिकाम्या, बाहेर पागोळ्या गळतायत. एप्रिल-मेमध्ये कोणाला पुस्तक दिलं तर ते आंब्याच्या पेट्यांखाली जाणार हे नक्की.

आता वाचायचं कसं. गेली बरीच वर्षं मी इथल्या छोट्या धंद्यांचे हिशेब बघतोय, बागायतदार, खाणावळवाले, काजू फोडणारे, होमस्टेवाले, आणि बहुतेकांचं एकच होतं, पुस्तक वाचलं की दोन दिवस अंगात वारं भरतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिलेच पाढे, कारण पुस्तकातला धंदा आणि आपला धंदा समोरासमोर ठेवून कोणी बघतच नाही. म्हणून एक साधी 200 पानी वही घ्या. डावं पान पुस्तकाचं, उजवं आपलं. वाचलेल्यातली एक गोष्ट डावीकडे आपल्या भाषेत लिहायची आणि उजवीकडे त्याच बाबतीतला आपला आकडा, रुपयांत. आकडा सापडत नसेल तर पुढचं प्रकरण उघडायचं नाही, आधी बिलं, पासबुक, फोनवरचे यूपीआयचे मेसेज काढून तो शोधायचा. एका प्रकरणाला आठवडा गेला तरी चालेल.

एक उदाहरण देतो. कोकम सरबताचं सिरप करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांनी कुठल्याशा पुस्तकात नफ्याचं प्रकरण वाचलं आणि मला म्हणाल्या, माझी बाटली 140 ला जाते, खर्च 40, म्हणजे शंभर सुटतात. मी म्हटलं लिहून काढूया. साखर 22, बाटली-बूच 14, लेबल 4, हे झाले त्यांचे 40. मग मी विचारलं, रातांबे (कोकमाची फळं)? तर म्हणाल्या, "रातांबे घरचेच हो, त्याचा कसला खर्च?" अहो पण तेच रातांबे बाजारात विकले असते तर पैसे आले असते ना, ते धरले बाटलीमागे 15. रातांबे फोडायला, बरण्या भरायला त्या स्वतः आणि त्यांची जाऊबाई, त्या मजुरीचे 18. गाडीभाडं आणि फुटतूट 7. झाले 80. आणि दुकानदार 20 टक्के कापतो म्हणजे हातात येतात 112. सुटले 32, शंभर नाही! वर शेडचं भाडं, वीज, कर्जाचं व्याज मिळून वर्षाला 48 हजार, त्याला भागिले 32, म्हणजे 1500 बाटल्या गेल्यावर पुढे नफा सुरू. त्या वर्षी त्यांच्या गेल्या होत्या 1200. ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत बसल्या. पुढच्या सीझनला त्यांनी घरून थेट विक्री वाढवली, दुकानाचे 28 रुपये वाचले की एका बाटलीला 60 सुटतात, हे त्यांचं त्यांनीच काढलं.

दुसरं पान महिन्यांचं करा, बारा ओळी, प्रत्येक महिन्यात आत किती आले, बाहेर किती गेले. हे मी कळकळीने सांगतोय कारण इथे माझी स्वतःची चूक झालीय. सुरुवातीच्या काळात गुहागरकडच्या एका काकांच्या होमस्टेचा बँकेच्या कर्जासाठीचा प्रोजेक्ट रिपोर्ट मी पुस्तकातल्या नमुन्यावरून केला, वर्षाचं उत्पन्न भागिले बारा, सरळ. हप्ता सुरू झाला जूनमध्ये आणि खोल्या रिकाम्या, काकांनी तीन हप्ते काकूंच्या पाटल्या गहाण ठेवून भरले. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण तेव्हापासून सीझनचं कोष्टक केल्याशिवाय मी कर्जाच्या कागदाला हात लावत नाही. शक्य असेल तिथे जास्त हप्ता मे, गणपती, दिवाळी, डिसेंबर असा मागून घ्या, बँकेशी आधीच बोलायचं, थकल्यावर नाही.

उधारीचं प्रकरण आलं की नीट थांबा. बाहेरच्या पुस्तकात बिल दिलं की पैसे येतात, आपल्याकडे "माल ठेवून जा, खपला की बघू". उजव्या पानावर नाव, रक्कम, तारीख लिहा आणि किती दिवस झाले ते मोजा. तुम्ही माल बनवता किंवा सेवा देता आणि उद्यम नोंदणी केलेली आहे (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका) तर 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने घेणाऱ्याला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. रोजच्या गिऱ्हाइकावर कोणी लगेच तक्रार करणार नाही, मला कळतं, पण बिलावर उद्यम नंबर आणि "45 दिवसांत" एवढं छापलं तरी बोलायला जागा होते.

ब्रँडच्या प्रकरणात बागायतदारांनी एकच लिहावं, हापूसला 2018 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, माझी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे का? नसेल तर आधी ती, लोगोचं डिझाइन नंतर.

पुस्तकं कुठली? आधी हिशेब, मग किंमत ठरवणं, मग विक्री. यशोगाथा सगळ्यात शेवटी, त्या वाईट नसतात पण त्यात कोणाचे हप्ते कसे थकले ते फार कमी लिहिलेलं असतं. विकतच घ्यायला हवीत असं नाही, रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं आहे, आणि इथे तालुक्याच्या गावी बहुतेक वाचनालय असतंच, वर्गणी भरा, ग्रंथपालांना विचारा, ते आवडीने काढून देतात.

नारळी पौर्णिमेपर्यंत एक पुस्तक आणि वहीची वीसेक पानं झाली तरी पुष्कळ. आणि माझ्याकडे किंवा तुमच्या कुठल्याही सल्लागाराकडे जाल तेव्हा पुस्तक घरी ठेवा, वही आणि पासबुक घेऊन जा.