लेआउट करायचाय? आधी ट्रॉलीचे फेरे मोजा

कारखान्याचा लेआउट, म्हणजे कुठला विभाग आणि कुठली मशीन कुठे बसवायची, हे बदलायचा विषय निघाला की पहिलं काय होतं, कोणीतरी कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) उघडतो आणि मशीनचे चौकोन इकडून तिकडे सरकवायला लागतो. मी पण वर्षानुवर्षं हेच केलंय. ड्रॉइंग मस्त दिसतं, साहेब खूश, आणि सगळं हलवून झाल्यावर दोन महिन्यांनी लक्षात येतं की ट्रॉलीवाला आधी जेवढा चालत होता तेवढाच चालतोय, फक्त आता उलट्या दिशेला. म्हणून सांगतो, कॅड बंद ठेवा आणि आधी नुसतं मोजा.

मोजायचं काय, तर कुठून कुठे रोज किती फेरे होतात. एक साधा तक्ता करा, उभ्या रांगेत "कुठून", आडव्या रांगेत "कुठे", आणि प्रत्येक घरात फेऱ्यांचा आकडा. हा आकडा प्रोसेस शीटवरून काढू नका, कारण शीटमध्ये रिवर्क नसतं, इन्स्पेक्शनला जाऊन परत आलेला माल नसतो, आणि रिकामी परत येणारी ट्रॉली तर कधीच नसते. जो हेल्पर ट्रॉली ओढतो त्याच्याबरोबर दोन दिवस फिरा, प्लॅनच्या प्रिंटवर पेनाने त्याची वाट काढत जा. शेवटी कागदावर शेवयांचा गुंता दिसेल, त्याला स्पॅगेटी डायग्राम म्हणतात, आणि जिथे रेघा सगळ्यात दाट तिथे तुमचं काम आहे. महिनाअखेरचे दिवस मोजणीत धराच, शांत आठवड्यातले आकडे फार गोड असतात.

आता उदाहरण घेऊ. सहा विभाग आहेत: स्टोअर, कटिंग, ग्राइंडिंग, पेंटिंग, असेंब्ली, डिस्पॅच. रोजचे फेरे असे: स्टोअर ते कटिंग ६०, कटिंग ते ग्राइंडिंग ४०, कटिंग ते पेंटिंग २०, ग्राइंडिंग ते पेंटिंग ३०, ग्राइंडिंग ते असेंब्ली १०, पेंटिंग ते असेंब्ली ५०, असेंब्ली ते डिस्पॅच ६०. (हे फक्त भरलेले फेरे, रिकामे धरले की दुप्पट करा.) जागा म्हणजे दोन रांगा, प्रत्येकी तीन चौकोन, शेजारच्या चौकोनाच्या मध्यापर्यंत २० मीटर. अंतर नेहमी काटकोनात मोजायचं हां, तिरपं नाही, ट्रॉली काय मशीनमधून आरपार जात नाही.

समजा सध्या वरच्या रांगेत स्टोअर, असेंब्ली, कटिंग आणि खाली पेंटिंग, डिस्पॅच, ग्राइंडिंग असं आहे. प्रत्येक जोडीचे फेरे गुणिले अंतर करा, बेरीज मारा, रोजचे ९२०० मीटर येतात. आता वर स्टोअर, कटिंग, ग्राइंडिंग आणि खाली डिस्पॅच, असेंब्ली, पेंटिंग असं ठेवा, म्हणजे माल यू आकारात फिरून सुरुवातीच्याच बाजूला बाहेर पडतो. बेरीज ६००० मीटर. जवळजवळ एक तृतीयांश चालणं गेलं, आणि यासाठी सॉफ्टवेअर लागलं नाही, वहीचं एक पान लागलं.

पण थांबा, इथेच माणूस फसतो. या "बेस्ट" लेआउटमध्ये ग्राइंडिंग आणि पेंटिंग एकमेकांना चिकटलेत. ग्राइंडिंगच्या ठिणग्या आणि थिनरची वाफ शेजारी शेजारी म्हणजे आग लागायची वाट बघणं, शिवाय ओल्या रंगावर धूळ बसून रिजेक्शन वाढणार ते वेगळंच. फेऱ्यांच्या गणिताला हे कळत नाही. त्यासाठी लेआउटतज्ज्ञ रिचर्ड म्यूथर यांनी १९६१ मध्ये मांडलेली पद्धत अजून चालते: विभागांच्या प्रत्येक जोडीला एक अक्षर द्यायचं, ए म्हणजे जवळ पाहिजेच, मग ई, आय, ओ असं उतरत जायचं, यू म्हणजे काही फरक पडत नाही, आणि एक्स म्हणजे जवळ नकोच. आणि प्रत्येक अक्षरापुढे कारण लिहा, नाहीतर मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याच्या सगळ्या जोड्या ए होतात.

आपल्याकडे ग्राइंडिंग-पेंटिंगला एक्स. मग पेंटिंग आणि असेंब्लीची अदलाबदल करून बघा: खाली डिस्पॅच, पेंटिंग, असेंब्ली. बेरीज ७२०० मीटर. म्हणजे त्या एक्सची किंमत रोजचं १२०० मीटर जास्तीचं चालणं. (कटिंग आता पेंटिंगच्या शेजारी आलं, पण ते शिअरवर, म्हणजे पत्रा कात्रीसारखा कापणाऱ्या मशीनवर होतं, ठिणगी नाही. गॅस कटिंग असतं तर हा पर्यायही बाद.) आता निर्णयाला बसा, हे १२०० मीटर परवडतात की पेंटिंगला नीट बंद बूथ आणि एक्झॉस्ट करून ६००० वाला लेआउट घ्यायचा. हा असा स्पष्ट सौदा समोर येणं, मला वाटतं लेआउटचं खरं काम हेच आहे, बाकी चौकोन सरकवणं कोणीही करतो.

सहा विभाग सहा जागांवर ७२० प्रकारे बसतात, ते हाताने जमतं. दहा झाले की ३६,२८,८०० प्रकार, तिथे सॉफ्टवेअर घ्या. १९६३ मधला क्राफ्ट नावाचा प्रोग्राम विभागांच्या जागांची अदलाबदल करत बेरीज कमी करत जायचा. अशा पद्धतीने येणारं उत्तर चांगलं असतं, सगळ्यात चांगलं असेलच असं नाही, त्यामुळे दोनतीन वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवा.

हे सगळं एकसारख्या मशीन एकत्र ठेवल्या असतील तेव्हाचं. एकच प्रॉडक्ट मोठ्या संख्येने असेल तर सरळ लाइन लावा, मग प्रश्न अंतराचा कमी आणि बॅलन्सिंगचा, म्हणजे प्रत्येक स्टेशनला सारखं काम वाटण्याचा जास्त. शिफ्टमध्ये कामाची ४५० मिनिटं आणि मागणी ३०० नग, तर दर ९० सेकंदाला एक नग निघाला पाहिजे. एका नगाचं एकूण काम ६०० सेकंद असेल तर ६.६७, म्हणजे कमीत कमी ७ स्टेशन. एकसारख्या कुटुंबातले पार्ट असतील तर त्यांच्या मशीनचा छोटा यू आकाराचा गट (सेल) करा, एकच ऑपरेटर दोनतीन मशीन बघू शकतो. जहाजासारखी हलवताच न येणारी वस्तू असेल तर माणसं आणि सामान तिच्याकडे जातं, तिथे भांडण फक्त कोण कधी येणार याचं.

आता जागेवरचे खिळे. खांब, फाउंडेशनवाली प्रेस, कंप्रेसर, ट्रान्सफॉर्मर, ड्रेनेज हे आधी प्लॅनवर पक्कं करा, कारण हे तुमच्यासाठी हलणार नाहीत. मग गल्ल्या आणि इमर्जन्सीची दारं, मशीन सगळ्यात शेवटी. आणि मशीनचा चौकोन कॅटलॉगमधल्या मापाचा घेऊ नका! एकदा मी लेथ भिंतीला छान चिकटवून बसवला आणि मागून बार आत घालायला जागाच उरली नाही, भिंतीला भोक पाडायची वेळ आली. पॅनलचं दार पूर्ण उघडतं का, मेंटेनन्सवाला मागे बसू शकतो का, चिप्सचा (धातूच्या किसाचा) डबा कुठून बाहेर येतो, अर्धवट माल कुठे थांबणार, हे सगळं त्या चौकोनात धरा. अर्धवट मालाला जागा दिली नाही तर तो गल्लीत बसतो, आणि फोर्कलिफ्टचं वळण गेलंच समजा.

मग १:५० च्या मापात पुठ्ठ्याचे तुकडे कापा, टेबलावर ठेवा, ऑपरेटरला बोलवा आणि गप्प बसा. दहा मिनिटात ते तीन चुका काढतात. त्यानंतर जमिनीवर टेप मारून, रिकामे खोके मशीन म्हणून ठेवून, भरलेली ट्रॉली खरोखर ओढून बघा, कोपऱ्यात अडकली तर टेप सरकवायला काही पैसे पडत नाहीत.

शिफ्टिंगच्या आधी जी मशीन बंद राहणार तिचा तेवढ्या दिवसांचा माल पुढे बनवून ठेवा, वीज आणि एअर लाइन नव्या जागी आधीच आणा, आणि हलवल्यावर लेव्हल तपासल्याशिवाय पहिला नग पास करू नका. पंधरा दिवसांनी त्याच हेल्परबरोबर तोच तक्ता घेऊन परत फिरा. ९२०० चे ७२०० होणार होते आणि ८३०० च झाले, तर बहुतेक कोणीतरी जुन्या सवयीने अजून लांबच्या रॅकमधून बोल्ट आणतोय.